राजमा आणि भाजलेल्या भाज्यांचा राइस बाऊल घरी नीट का जमत नाही?

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ९:१५

नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षे बंगळुरूला राहून नुकतीच नाशिकला परतली आणि येताना बरिटो बाऊलची आवड सोबत घेऊन आली. तळाशी भात, त्यावर राजमा, भाजलेल्या भाज्या, मक्याचे दाणे, वरून काही आंबट आणि काही स्निग्ध, असे त्याचे स्वरूप असते. तिच्याबरोबर बाहेर एकदा खाल्ला तेव्हा तो मलाही आवडला. रोज चारी ठाव स्वयंपाक होणाऱ्या घरात रविवारी रात्रीचे जेवण एका वाडग्यात उरकणार असेल, तर मी नाही कशाला म्हणू? मात्र गेल्या महिन्याभरात तीनदा करूनही तो मला साधलेला नाही, म्हणून आपणा सर्वांना विचारते आहे.

मी काय केले ते सविस्तर सांगते, म्हणजे चूक दाखवणे सोपे जाईल. भातासाठी घरात असतो तोच इंद्रायणी तांदूळ घेतला आणि नेहमीप्रमाणे कुकरला लावला. त्यात लिंबू पिळून कोथिंबीर घातली, तर त्याचा गोळा झाला. राजमा रात्रभर भिजवून सहा शिट्ट्या केल्या. काही दाण्यांची साले सुटून पीठ झाले आणि काही आतून कचकचीत राहिले. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, हेही नमूद करते. शिजल्यावरचे पाणी मी काढून टाकले, कारण बाऊलमध्ये रस्सा नसतो. शिमला मिरची, गाजर, फ्लॉवर, कांदा आणि टोमॅटो यांना तेल, मीठ, तिखट आणि जिरेपूड लावून ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर अर्धा तास ठेवले. भाज्यांना इतके पाणी सुटले की त्या भाजल्या न जाता वाफवल्या गेल्या. तिसऱ्या वेळी चिडून तापमान २३० केले, तेव्हा भाज्या ओल्याच राहिल्या आणि ट्रेच्या कडेचा मसाला मात्र जळून कडू झाला.

गंमत अशी की, भाज्या ओल्या आणि भात चिकट असूनही एकत्र केल्यावर घास कोरडा लागतो आणि घशाखाली उतरत नाही. मुलगी शेवटी त्यावर टोमॅटो केचप ओतते, हे मला फार लागते. शिवाय सासरे चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरते काय बदलावे, हाही प्रश्न आहे. अव्होकाडो दरवेळी आणणे परवडत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दूरदेशी | शनिवार, रात्री ८:४०

गोदाकाठताई, आपण इतके तपशीलवार लिहिले आहे की निदान करणे सोपे झाले. मी चौदा वर्षे अमेरिकेत ऑस्टिनमध्ये राहतो आणि आमच्या घरी हा पदार्थ आठवड्यातून एकदा तरी होतो.

बरिटो बाऊल हा मेक्सिकोतल्या घरांतला पारंपरिक पदार्थ नव्हे. भात, घेवडा आणि भाज्या गव्हाच्या मोठ्या पातळ पोळीत, म्हणजे तोर्तियात, गुंडाळल्या की बरिटो होतो. ती पोळी वगळून नुसते सारण वाडग्यात वाढण्याची रीत अमेरिकेतल्या उपाहारगृहांनी रुळवली आणि १९९३ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या चिपोटले या साखळीमुळे ती घरोघरी माहीत झाली. तिथे उभे राहून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. भात, घेवडा, भाज्या, मका, टोमॅटोची कोशिंबीर हे सारे वेगवेगळ्या भांड्यांत तयार असते, प्रत्येकाला आपापले मीठ आणि आपापला आंबटपणा असतो, आणि गिऱ्हाईक समोर आल्यावरच ते एकत्र येते. आपण घरी करताना नकळत सगळे एकाच मसाल्याने आणि एकाच वेळी उरकायला जातो.

आता भाताविषयी. इंद्रायणी हा आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला वाण आहे. आंबेमोहोराकडून त्याने वास घेतला आणि चिकटपणाही घेतला. वरणभाताला त्याच्यासारखा तांदूळ नाही, पण इथे तो चालत नाही. जुना कोलम किंवा बासमती घ्यावा, तीन-चार पाण्यांनी धुवावा आणि अर्धा तास भिजवावा. त्यानंतर कुकरला न लावता आपल्या आज्या करत तसा वेळून घ्यावा, म्हणजे मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून, त्यात चवीला मीठ आणि चमचाभर तेल घालून तांदूळ सोडावेत आणि कणीत किंचित दम असतानाच, भिजवलेला बासमती असेल तर सहा ते आठ मिनिटांत, पाणी निथळून टाकावे. भात लगेच परातीत पसरावा. त्याची वाफ गेली की मग लिंबाचा रस आणि अगदी कोरडी केलेली, बारीक चिरलेली कोथिंबीर घालून काट्याने हलवावे. गरम, ओल्या भातात लिंबू आणि कोथिंबीर घालून डावाने ढवळले की गोळा होणारच. चौघांसाठी दीड वाटी तांदूळ पुरतो, कारण या पदार्थात भात खाली असला तरी तो मुख्य नसतो.

भाज्यांचा दोष तापमानात कमी आणि गर्दीत अधिक आहे. भाजीतले पाणी उडून जाईपर्यंत तिच्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग धरायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. ट्रेमध्ये फोडी एकमेकींना खेटून असल्या, की सुटलेली वाफ त्यांच्यातच अडकते आणि ओटीजीचा मोदकपात्र होतो. घरगुती ओटीजीचा ट्रे लहान असतो. त्यात एका वेळी साडेतीनशे ते चारशे ग्रॅमपेक्षा जास्त भाजी घालू नये. दोन घाण्यांत भाजावे लागते, त्याला इलाज नाही. ओटीजी वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल लावून किमान बारा-पंधरा मिनिटे आधी तापवावा, तापमान २१० ते २२० ठेवावे, भाज्या धुतल्यानंतर फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मीठ ट्रे आत जाण्याच्या क्षणी लावावे. मीठ लावून ठेवलेली भाजी ट्रेमध्येच रडायला लागते.

टोमॅटो या ट्रेमध्ये मुळीच नको, त्याचे पाणी बाकीच्या भाज्या बुडवते. तिखट आणि जिरेपूडही आधी लावू नये. त्या तापमानाला कोरडे मसाले भाजीच्या आधी करपतात. तेल आणि मीठ एवढेच लावावे आणि मसाला भाज्या बाहेर आल्यावर गरम असतानाच भुरभुरावा. शिमला मिरचीला २० ते २५ मिनिटे, फ्लॉवर आणि कांद्याला २५ ते ३० मिनिटे आणि रताळे किंवा लाल भोपळ्याला ३० ते ३५ मिनिटे लागतात, म्हणून एका घाण्यात सारख्या वेळाच्या भाज्या घ्याव्यात. मध्ये एकदाच उलटवाव्यात. सतत दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. हे मी स्वतःला बजावतो आहे.

पिपेट | शनिवार, रात्री १०:०५

राजम्याविषयी थोडे लिहितो, कारण इथे प्रश्न केवळ चवीचा नाही. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन भरपूर असते आणि ते पोटात गेल्यास दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब होऊ शकतात. खळखळत्या पाण्यात ते नष्ट होते, पण ८० अंशांच्या आसपास मंद शिजवलेल्या राजम्यात ते टिकून राहते. म्हणून परदेशात विजेच्या मंद कुकरमध्ये थेट राजमा शिजवणाऱ्यांना तो आधी निराळा उकळून घेण्याची सूचना असते. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, त्यामुळे ही भीती राहत नाही. उघड्या पातेल्यात शिजवणाऱ्यांनी मात्र तो किमान अर्धा तास नीट उकळावा, आणि भिजवलेले पाणी प्रत्येकाने ओतून द्यावे.

आता काही दाणे पीठ आणि काही कचकचीत का, ते पाहू. एक कारण जुना साठा असू शकते. दमट आणि उष्ण जागी बराच काळ राहिलेला राजमा कितीही शिजवला तरी मऊ होत नाही, आणि दुकानात जुना-नवा माल मिसळलेला असला तर एकाच कुकरमध्ये दोन्ही प्रकार निघतात. दुसरे कारण बोअरचे पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात. तिसरे कारण शिट्ट्या. सहा शिट्ट्या म्हणजे नेमकी किती मिनिटे, हे कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या आचेवर त्या दहा मिनिटांतही होतात, आतले पाणी उसळत राहते, दाणे एकमेकांवर आपटतात आणि साले सुटतात.

उपाय सोपे आहेत. राजमा पिण्याच्या शुद्ध पाण्यात, आणि आश्चर्य वाटेल, पण मीठ घालून भिजवावा. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा मीठ पुरे. आधी मीठ घातले तर कडधान्य शिजत नाही, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, परंतु मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल लवचीक होते, त्यामुळे दाणा फुटत नाही आणि आतपर्यंत मीठही पोहोचते. शिजण्याला खरा अडथळा आंबटाचा असतो. टोमॅटो, चिंच, आमसूल किंवा लिंबू राजमा मऊ झाल्यावरच घालावे. दहा-बारा तास भिजवून, पाणी बदलून, एक शिट्टी मोठ्या आचेवर येऊ द्यावी आणि नंतर गॅस बारीक करून १५ ते २० मिनिटे ठेवावे. प्रेशर आपोआप उतरू द्यावे. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतले पाणी एकदम उकळते आणि दाणे फुटतात. पाणी फारच जड असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, मात्र चिमूटभरच, कारण जास्त झाल्यास साबणासारखी चव येते आणि थायमिन हे जीवनसत्त्वही कमी होते.

खवचट_काका | रविवार, सकाळी ७:५०

वर सगळ्यांनी मोठ्या कष्टाने लिहिले आहे, म्हणून नम्रपणे विचारतो. भात, घेवड्याची उसळ, सोबत भाजी आणि लिंबाची फोड, याला आमच्या घरी उसळ-भात म्हणत असत आणि त्यासाठी ओटीजी तापवावा लागत नसे. वाडग्यात वाढले आणि नाव बदलले की किंमत चौपट होते, एवढाच मला यात फरक दिसतो.

तरीही ताईंच्या घास कोरडा लागण्याच्या तक्रारीचे कारण मला वाटते ते सांगतो. त्यांनी राजमा शिजल्यावरचे पाणी काढून टाकले. आपण मराठी माणसे भात कधी नुसता खात नाही, तो कशात तरी कालवतो. वरण, आमटी, ताक, काही नसेल तर दूध. या बाऊलमधून कालवणच काढून टाकले तर घास घशात अडकेल नाही तर काय होईल? भाजीतले पाणी नको असेल तर नको, पण उसळीचा दाट रस ठेवा.

दूरदेशी | रविवार, सकाळी ८:२५

काका, टोमणा बाजूला ठेवला तर आपण मर्मावर बोट ठेवले आहे. इथल्या उपाहारगृहांतही काळा घेवडा कोरडा नसतो, तो स्वतःच्या दाट रसात असतो आणि वाढताना डावातून थोडा रस भातावर येतोच. मी लिहिताना हे विसरलो.

फरक मात्र आहे, असे मला वाटते. उसळ-भातात पहिल्या घासापासून सर्व काही एक होते. बाऊलमध्ये एका घासात भोपळ्याची गोडी, पुढच्यात मिरचीचा खमंगपणा, मग लिंबाची आंबट चव, असे आलटून पालटून यावे लागते, आणि ते भाज्या कोरड्या, खरपूस राहिल्या तरच होते.

आणि हे परदेशी आहे की आपले, या वादात एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. राजमा, मका, मिरची, शिमला मिरची, टोमॅटो, रताळे आणि लाल भोपळा हे सारे मूळचे अमेरिका खंडांतले. कोलंबसाच्या सफरींपूर्वी आपल्याकडे यांतले काहीच नव्हते. उलट त्याच वाडग्यातला तांदूळ, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे जुन्या जगातून समुद्रापार तिकडे गेले. तेव्हा घेवड्याची उसळसुद्धा, काका, तितकीशी जुनी नाही.

खवचट_काका | रविवार, सकाळी ८:३८

मग वालाची उसळ करतो. तो तरी राजम्याच्या आधीपासून आमचा आहे.

चूल_आणि_तवा | रविवार, दुपारी १:१०

माझ्याकडे ओटीजी नाही आणि घेण्याचा विचारही नाही, तरीही हा पदार्थ मी गेली तीन वर्षे करते आहे, म्हणून गॅसवर करणाऱ्यांसाठी लिहिते.

बिडाचा तवा किंवा जाड लोखंडी कढई घ्यावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत सुटेल इतकी ती तापू द्यावी, मग तेल सोडावे आणि भाजी एकाच थरात पसरून दोन ते तीन मिनिटे तिला हात लावू नये. आपल्या हाताला परतत राहण्याची इतकी सवय असते की ही तीन मिनिटे फार लांब वाटतात, पण हलवत राहिलेली भाजी रंग धरत नाही. फ्लॉवरचे तुरे उभे अर्धे कापावेत, म्हणजे सपाट बाजू तव्याला टेकते. रताळे आणि लाल भोपळा यांच्या बोटभर जाड चकत्या आधी आठ-दहा मिनिटे वाफवून, निववून, पुसून घ्याव्यात आणि मग तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. मक्याचे कणीस सरळ आचेवर भाजून दाणे सुरीने काढावेत. तो वास ओटीजीमध्ये येत नाही. माझ्या मते या पदार्थासाठी लाल भोपळ्याइतकी दुसरी चांगली भाजी नाही, आणि गाजर ही सर्वांत निरुपयोगी आहे, पण हे मत झाले.

आता सासऱ्यांविषयी. आमच्याकडेही कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चार महिने निरोप दिला जातो. कांद्याची गोडी कोबीने भरून निघते. कोबीच्या जाड चकत्या कडा काळसर होईपर्यंत भाजून पाहा. लसणाऐवजी राजम्याला तुपात हिंग, जिरे आणि भरपूर किसलेले आले यांची फोडणी द्यावी आणि राजम्याचे दोन डाव दाणे पळीने ठेचून रसात मिसळावेत, म्हणजे काकांनी म्हटलेले कालवण आपोआप दाट होते.

अव्होकाडोचे काम स्निग्धतेचे असते आणि ते चक्का उत्तम करतो. अर्धा किलो दही फडक्यात तीन तास टांगून, त्यात कोथिंबिरीचे देठ, एक हिरवी मिरची, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि चमचाभर तेल घालून फेटावे. देठांत पानांपेक्षा जास्त चव असते, ते टाकू नयेत. दही नको असेल तर मूठभर शेंगदाणे भिजवून, साले काढून, लिंबाच्या रसात वाटावेत.

त्या बाऊलमधला जो धुरकट तिखटपणा बाहेर आवडतो, तो धुरावर वाळवलेल्या हालापेन्यो मिरचीचा, म्हणजे चिपोटलेचा असतो. आपल्याकडे त्यासाठी दोन टोमॅटो भरताच्या वांग्यासारखे थेट आचेवर साल काळे पडेपर्यंत भाजावेत, चार ब्याडगी मिरच्या कोरड्या भाजून गरम पाण्यात भिजवाव्यात आणि दोन्ही मीठ, सुपारीएवढा गूळ व थोड्या व्हिनेगरसह वाटावे. टोमॅटोची करपलेली साल सगळी काढू नये, थोडी राहू द्यावी. ही चटणी असली की केचप कोणाला आठवत नाही. सासऱ्यांनाही ती चालेल, कारण त्यात कांदा-लसूण नाही.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ११:३०

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि त्याचा वृत्तान्त देते.

राजमा शनिवारी रात्रीच पिण्याच्या पाण्यात मीठ घालून भिजवला होता. एक शिट्टी आणि नंतर बारीक गॅसवर १८ मिनिटे ठेवला, प्रेशर आपोआप उतरू दिले, आणि लग्न होऊन इतकी वर्षे झाल्यावर प्रथमच माझ्या कुकरमधून राजमा अखंड आणि आतून लोण्यासारखा निघाला. मीठ आधी घालायचे, हे सासूबाईंच्या शिकवणीच्या नेमके विरुद्ध असल्याने हात कचरला होता, हे कबूल करते. शिजल्यावरचे पाणी या वेळी टाकले नाही. दोन डाव दाणे ठेचून, हिंग-आल्याची फोडणी देऊन तो रस सायीसारखा दाट केला.

भात कोलमचा वेळून केला. पेज मुलीने तूप-मीठ घालून पिऊन टाकली, हा अनपेक्षित लाभ. भाज्या दोन घाण्यांत भाजल्या. पहिल्यात लाल भोपळा आणि गाजर, दुसऱ्यात फ्लॉवर, शिमला मिरची आणि कोबीच्या चकत्या. कोबीच्या कडा जवळजवळ जळाल्या असे मला वाटले, परंतु त्याच सर्वांत आधी संपल्या. गाजर मात्र आतून कच्चेच राहिले. दोन घाण्यांमुळे एकूण सव्वा तास लागला, म्हणजे रविवारची सुटका झाली असे म्हणता येणार नाही, पण तेवढ्या वेळात चटणी, चक्का आणि मका उरकला.

मामंजींनी चमचा बाजूला ठेवून सगळे हाताने कालवले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. खवचट काकांना हे वाचून समाधान वाटेल. मुलीने मात्र काहीही न कालवता, एकेक थर चाखत खाल्ले. केचपची बाटली फ्रीजमध्येच राहिली.

आता एक शेवटचा प्रश्न. उरलेला भात आणि राजमा रात्री ओट्यावर झाकून ठेवला होता आणि आज सकाळी डब्यात द्यावा की नाही, याविषयी मनात शंका आल्याने दिला नाही. उरले तर काय करावे?

पिपेट | सोमवार, दुपारी १२:१५

दिला नाहीत हे उत्तम केलेत. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास खोलीच्या तापमानाला राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकण्याची आपली रीत थंडीच्या दिवसांत निभावून जात असेल, पण उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात तिचा भरवसा धरू नये.

डब्यासाठी लागणारा भाग जेवायला बसण्याआधीच बाजूला काढावा. भात ताटात पातळ पसरून निववावा आणि तासाभराच्या आत झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. तो दुसऱ्या दिवशी संपवावा. राजमाही तसाच लवकर निववून वेगळ्या डब्यात ठेवावा, तो तीन दिवस चांगला राहतो. फ्रीजमधला भात कडक होतो, कारण थंडीने त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. त्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून, आतपर्यंत वाफ येईस्तोवर गरम केल्यास तो पूर्ववत मऊ होतो. चक्का आणि लिंबू डब्यात वेगळे द्यावे. आणि एक छोटी सूचना: कडधान्यांतले लोह लिंबासारख्या क जीवनसत्त्वाच्या पदार्थाबरोबर अधिक चांगले शोषले जाते, तर जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते, म्हणून मुलीला चहा तासाभराने घ्यायला सांगावे.

चूल_आणि_तवा | सोमवार, दुपारी २:४५

गाजराविषयी मी आधीच सांगितले होते. तरीही घालायचेच असेल तर करंगळीपेक्षा बारीक, लांब काप करावेत आणि भोपळ्याच्या दहा मिनिटे आधी ट्रेमध्ये टाकावेत. आणि पुढच्या वेळी राजम्याऐवजी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर घ्या. त्याच्यावर लालसर पट्टे असतात, ते शिजल्यावर नाहीसे होतात, पण दाणा लहान असल्याने लवकर शिजतो आणि रस राजम्यापेक्षा गोडसर होतो.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी ३:०५

घेवडा शोधते. त्यालाही मीठ घालून दहा तासच भिजवायचे, की कमी?

पिपेट | सोमवार, दुपारी ३:२०

मीठ तेवढेच ठेवावे, वेळ सात-आठ तास पुरे. बारीक गॅसवर १२ मिनिटांनी कुकर उघडून एक दाणा बोटांत दाबून पाहावा. मधोमध पांढरी, कडक कणी दिसली तर आणखी पाच मिनिटे लावावा.